भिडेपोटी

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्सला मला एकवीस वर्षं झाली. माझ्या टेबलावरून बिल सहजासहजी पास होत नाही, असं वेंडर, म्हणजे माल पुरवणारे लोक, आपसांत बोलतात. ते फिरून माझ्या कानावर येतं तेव्हा, खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. पीओत, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, एक दर आणि बिलात दुसरा, माल आला ९० नग आणि बिल १००चं, टॅक्स भलत्याच टक्क्याने, असं काही दिसलं की मी डेबिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कापल्याची चिठ्ठी, काढून मोकळी होते. एकदा १२ रुपयांची काढली होती. तेव्हापासून अंबडचा एक फॅब्रिकेशनवाला मला ‘बारा रुपयेवाल्या मॅडम’ म्हणतो.

तर या बारा रुपयेवाल्या मॅडमच्या नावावर १,८१८ रुपये ८५ पैशांची थकबाकी चढून बसली होती आणि मॅडमना तिचा पत्ताही नव्हता.

फेब्रुवारी २०२४ची गोष्ट. लेक बारावीला होती. पुढे पुण्याला शिकायला जायचं घोकत होती, म्हणून शैक्षणिक कर्जाचं आधीच विचारून ठेवावं, असं ठरवून मी एका बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी पॅन नंबर घेतला, एका कागदावर सही घेतली, आणि थोड्या वेळाने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“मॅडम, तुमच्या सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या अहवालात, एक क्रेडिट कार्ड ओव्हरड्यू दिसतंय.”

“माझ्याकडे क्रेडिट कार्ड नाही हो,” मी म्हणाले. खोटं नव्हते बोलत. खरोखरच विसरले होते.

परत येताना त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला गाडी उभी होती, तेव्हा एकदम आठवलं. स्टीलची पाण्याची बाटली!

२०२२च्या दिवाळीआधी आमच्या कंपनीच्या कँटीनबाहेर एका बँकेच्या कार्डवाल्यांनी टेबल मांडलं होतं. निळं कापड, चार फुगे, आणि कार्ड घेणाऱ्याला स्टीलची बाटली फुकट. टेबलामागे एक पोरगा उभा. निफाडकडचा असावा, बोलण्यावरून वाटलं. शर्ट कडक इस्त्रीचा, पण मानेला घामाने भिजलेला. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्याच्याकडे न बघता, फोन कानाला लावल्यासारखं करून पुढे जात होते. मलाही तेच करायचं होतं, पण माझी नजर त्याच्या नजरेला भिडली. तिथेच चुकलं.

“ताई, आज फक्त दोनच राहिलेत बघा. लाइफटाइम फ्री आहे. नाही वापरलं तरी चालेल.”

‘मॅडम’ म्हणाला असता तर मी सुटले असते. तो ‘ताई’ म्हणाला. माझा भाऊही एके काळी असाच दारोदार वॉटर प्युरिफायर विकत फिरायचा आणि संध्याकाळी घरी आला की कुणाशी बोलायचा नाही. मी पॅन दिला, आधार दिला, ओटीपी सांगितला. शंभर प्रश्न विचारून वेंडरला घाम फोडणारी मी, त्या टॅबवर त्याने दाखवलं तिथे तिथे बोट टेकवत गेले. एवढं मात्र केलं की त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, ‘नक्की काही चार्ज नाही ना?’ त्याचं उत्तर लगेच आलं होतं: ‘ताई कार्ड लाइफटाइम फ्री आहे टेन्शन नका घेऊ’, आणि पुढे हात जोडलेले.

कार्ड आलं. त्यावर दिवाळीला एक मिक्सर घेतला, बिल आलं तसं भरलं आणि कार्ड कपाटात नथीच्या डबीखाली ठेवून दिलं. बाटली गळायला लागली म्हणून मार्चमध्येच भंगारात गेली.

त्या संध्याकाळी डबी उचलून कार्ड काढलं. मागे सही करायची पांढरी पट्टी कोरीच होती. पट्टीखालचा नंबर कार्डावरूनच घेतला. गुगलवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन लावून आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी खातं रिकामं करून घेतलेलं आहे, त्यामुळे तेवढी अक्कल होती. अ‍ॅप उतरवलं, स्टेटमेंट उघडली. ती सगळी माझ्या एका जुन्या ईमेलवर जात होती, जो मी तीन फोनांपूर्वी सोडला. एसएमएस मात्र फोनवरच आले होते. दिवसाला चाळीस येतात, त्यातच गाडले गेले.

हिशोब असा होता. नोव्हेंबर २०२३मध्ये, कार्डाला वर्ष झाल्यावर, वार्षिक शुल्क ४९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे. ते मी भरलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. मग विलंब शुल्क ५०० रुपये, त्यावर जीएसटी, म्हणजे ५९०. पुढच्या महिन्यात पुन्हा ५९०. आणि दोन महिन्यांचं व्याज, महिन्याला ३.६ टक्क्यांनी, जीएसटीसकट ५० रुपये ३ पैसे. गंमत बघा, एकेक दंड मूळ शुल्कापेक्षा १ रुपया १८ पैशांनी मोठा. हा एक रुपया अठरा पैसे म्हणजेसुद्धा एक रुपया आणि त्यावरचा अठरा टक्के जीएसटीच. आमच्या धंद्यातल्या माणसाला असल्या गोष्टीत एक विकृत आनंद मिळतो. मी वटवट करत नवऱ्याला दाखवायला गेले. तो म्हणाला, “भरून टाक ना. अठराशे रुपयांसाठी डोकं कशाला लावतेस?”

हेच सगळे म्हणतात. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी असलं काही ना काही भरून टाकलंय, हे त्या महिन्यात कळलं. आमच्या स्टोअरमधल्या एकाकडे दरमहा कसलीशी कार्ड सुरक्षा योजना कापली जायची. दोन वर्षं कापू दिली. का, तर “फोन केला की ती बाई इतकं गोड बोलते.”

मीही फोन केला. शनिवारी, कारण आमची सुट्टी शनिवारची. वटाण्यांचे दिवस होते. परात, वटाणे आणि फोन स्पीकरवर घेऊन मी बाल्कनीत बसले. भाषा निवडायला मराठीचा आकडा होता, तो दाबला. कार्ड हरवलं तर एक, मर्यादा वाढवायची तर दोन, कर्ज हवं तर तीन. बंद करायचं तर, काहीच नाही. शेवटी ‘इतर माहिती’त शिरून, संगीत ऐकत, एक किलो वटाणे सोलून झाले तेव्हा माणूस भेटला. मराठीचा आकडा दाबूनही हिंदीतच बोलला. त्याचा दोष नाही म्हणा.

“मॅडम, आप हमारी बहुत व्हॅल्यूड कस्टमर हैं.”

एक मिक्सर घेतला होता मी.

कार्ड का बंद करताय, असं त्याने चार प्रकारे विचारलं. मग सांगितलं की नव्वद दिवसांत तीस हजारांची खरेदी केली तर शुल्क परत मिळेल. मग शुल्क निम्मं केलं. मग म्हणाला, “मॅडम, सिर्फ आपके लिए.” आणि इथे पुन्हा तेच झालं. समोरचा माणूस आदबीने बोलत होता, त्याच्यामागे दोनशे जणांचा कलकलाट ऐकू येत होता, शनिवार होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “बरं, विचार करून सांगते.” दहाव्या मिनिटाला एसएमएस आला: आमच्यासोबत राहण्याचा निर्णय घेतल्याबद्दल आभार.

परातीतल्या सोललेल्या वटाण्यांकडे बघत मी किती वेळ बसले होते कोण जाणे.

दुसऱ्या वेळी घट्ट राहिले. बंद करा. तर म्हणे आधी बाकी भरा. बाकीच मला मान्य नाही. मग डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकावा लागेल. टाका. डिस्प्यूट खरेदीवर टाकता येतो, शुल्कावर नाही. मग शुल्क मान्य नसेल तर काय करायचं? आधी भरा, मग कार्ड बंद होईल, मग परताव्याचा विचार करू. म्हणजे नाक दाबायचं ते दाबायचं आणि तोंडही आपणच उघडायचं! मी कॉलेज रोडच्या शाखेत जाऊन बघितलं. तिथली मुलगी बिचारी खरंच बिझी होती. तिने मान वर न करता सांगितलं, कार्डाचं आमच्याकडे काही नसतं, तुम्ही अर्ज लिहून कार्डाचे तुकडे करून या पत्त्यावर पोस्टाने पाठवा. पत्ता परराज्यातला. पोस्ट बॉक्स नंबर.

रविवारी जेल रोडला नानांकडे गेले. नाना म्हणजे माझे वडील. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. बाहेरच्या लोकांना सांगते, आमच्याकडे ‘प्रेस’ म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. करन्सी नोट प्रेस. १९२८पासून इथे नोटा छापतात, आणि नाशिकरोडच्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी ‘प्रेसवाला’ असतोच. नाना तपासणीत होते. छापून आलेला ताव डोळ्यांसमोर धरायचा, शाई फिसकटली असेल, आकडा सरकला असेल, तर तो बाजूला काढायचा. आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशातल्या चुका शोधल्या आणि स्वतः पगार झाला की वहीत चार आण्यांचा कढीपत्ताही लिहिला. क्रेडिट कार्ड त्यांनी हातातही धरलेलं नाही. बहुतेक मी ही गोष्ट त्यांना सांगायला नको होती, पण सांगितली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “लिहून घेतलं होतंस?”

“व्हॉट्सअ‍ॅप आहे त्याचा.”

“सही?”

“व्हॉट्सअ‍ॅपवर कुठली सही, नाना.”

त्यांनी पाकिटातून शंभराची नोट काढून माझ्यासमोर धरली. तिच्यावरचं वचन आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, वाचलेलं नसतं: धारकाला शंभर रुपये अदा करण्याचं वचन देतो, आणि खाली गव्हर्नरची सही. “वचन आणि त्याच्याखाली सही. एक रुपयाच्या नोटेवर वचन नसतं, ठाऊक आहे? ती सरकारची नोट, तिच्यावर वित्त सचिवाची सही. आम्ही तावच्या ताव बघायचो, वचन आहे पण सही नाही असा आला तर तो रद्दी. आकडा कितीही मोठा असू दे.” मग नोट परत पाकिटात ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “भीड भिकेची बहीण. तुझी आजी म्हणायची.”

मला रागच आला थोडा. म्हटलं, तुम्हाला भीड कधी वाटलीच नाही का कुणाची?

“चौतीस वर्षं रोज गेटवर झडती देऊन घरी आलोय,” नाना म्हणाले. “झडती घेणारा आपल्याच गल्लीतला. सकाळी त्याच्याबरोबर चहा प्यायचा, संध्याकाळी तो खिसे चाचपायचा. पहिले दोन महिने कान तापायचे. पुढे कळलं, त्याला माझ्यावर संशय नाहीये. त्याला मोजायचंय.”

त्या रात्री मी ऑफिसात करते तेच केलं. डेबिट नोट काढायची तर आधी पीओ शोधावा लागतो. काय ठरलं होतं, कुठल्या अटीवर, ते कागदावर दाखवता आलं पाहिजे, नाहीतर वेंडर मानत नाही. या व्यवहाराचा पीओ कुठे? तो रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर सापडला. क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दलचे निर्देश, २१ एप्रिल २०२२चे, त्या वर्षीच्या १ जुलैपासून लागू. इंग्रजी सरकारी असलं तरी वाचता येतं. मी प्रिंट काढून, पेन्सिल घेऊन, टेंडरच्या अटी वाचाव्यात तसं वाचलं.

आणि एकेक ओळ माझ्यासाठीच लिहिल्यासारखी निघायला लागली. ग्राहकाने कार्ड बंद करायला सांगितलं की सात कामाच्या दिवसांत बंद करायचं, बाकी चुकती असली की झालं. नाही केलं तर पुढच्या दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. बंद करण्यासाठी फोन, ईमेल, वेबसाइटवर ठळक दिसेल अशी लिंक, अ‍ॅप असे मार्ग द्यायचे, आणि पोस्टानेच अर्ज पाठवा असा आग्रह धरायचा नाही. (पोस्ट बॉक्स नंबरवर मी पेन्सिलीने तीन रेघा मारल्या.) वर्षाहून जास्त काळ कार्ड वापरलंच नसेल तर ग्राहकाला कळवून बँकेनेच ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर बाकी नसल्यास बंद करून टाकायचं. शुल्कात बदल करायचा तर किमान महिनाभर आधी कळवायचं. न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवायचं नाही. बिलावर तक्रार आली तर तीस दिवसांत खुलासा द्यायचा, गरज पडली तर कागदपत्रांसह.

एक कलम मी तीनदा वाचलं. न मागता माथी मारलेलं कार्ड ग्राहकाच्या संमतीशिवाय चालू करून त्यावर पैसे लावले, तर ते परत करायचेच, वर त्याच्या दुप्पट दंडही द्यायचा. क्षणभर लालूच सुटली. पण माझं कार्ड न मागता आलेलं नव्हतं. मी हो म्हटलं होतं, बोट टेकवलं होतं. भिडेपोटी दिलेल्या होकाराला नियमांत कलम नाही.

राहिला तो व्हॉट्सअ‍ॅप. स्क्रीनशॉट जोडायचा तर त्या पोराचं नाव आणि नंबर बँकेकडे जाणार. लाइफटाइम फ्री असं खोटं सांगून कार्ड विकलं म्हणून त्याला धरतील. पुन्हा त्याचा घामेजलेला कॉलर डोळ्यांसमोर. तीन दिवस मेल ड्राफ्टमध्ये पडून राहिला. शेवटी मी त्यालाच फोन लावला. दीड वर्षाने, जुन्या नंबरवर. लागला.

मागे टेपगनचे आवाज, कुणीतरी ‘पाच किलोचे इकडं लावा’ ओरडतंय. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसला होता. एक्स्पोर्टचा सीझन.

मी कोण ते सांगितल्यावर आधी गप्पच झाला. मग म्हणाला, “ताई, आम्हाला पण तसंच सांगितलं होतं. लाइफटाइम फ्री बोला म्हणून. ती ऑफर कोणत्या कार्डाला होती, कोणत्या नव्हती, आम्हाला कुठं दाखवलं.” कार्डं सहा महिन्यांत बंद झाली की त्याच्या कमिशनमधून कापून घ्यायचे, शेवटच्या दोन महिन्यांचं तर मिळालंच नाही, असंही सांगितलं. “लावा ताई माझं नाव. बिनधास्त लावा. तिथं आता मला कोण ओळखतंय.”

मी तरी नंबर खोडूनच लावला. एवढं तर मला करता येत होतं.

मेल लिहायला दीड तास लागला. ‘कृपया’ शब्द पहिल्या मसुद्यात सहा वेळा आला होता, तो एकदाच ठेवला. ‘तुम्हाला त्रास देत आहे त्याबद्दल क्षमस्व’ हे वाक्य, देवाशपथ, खरोखर लिहिलं होतं मी. ते काढलं. मग उरलं ते साधंच होतं. कार्ड अमुक तारखेला, शुल्क नाही असं सांगून दिलं, पुरावा सोबत. शेवटचा वापर ऑक्टोबर २०२२. पहिली बंद करण्याची मागणी अमुक तारखेला फोनवर, तक्रार क्रमांक अमुक. खालच्या तक्त्यातल्या पाच रकमा मला मान्य नाहीत, प्रत्येकीपुढे कारण. त्या रद्द करा, हाच मेल बंद करण्याचा लेखी अर्ज समजा, आणि सिबिलला गेलेली नोंद दुरुस्त करा. तक्ता एक्सेलमध्ये केला, अगदी डेबिट नोटेसारखा. खाली बेरीज १,८१८.८५. पाठवलं आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या दिवसापासून तीस दिवस मोजून तारखेला गोल केला. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१च्या नोव्हेंबरपासून बहुतेक बँकांसाठी एकच योजना आहे, तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी. लोक तिथेच अडकतात. फोनवर भांडून भांडून थकतात आणि कागद एकही नसतो.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. ‘तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा एसएमएस तीनदा आला, काही न होता. प्रत्येक वेळी मी तोच मेल, तोच तक्ता, एक पायरी वरच्या पत्त्यावर पाठवला, शेवटचा बँकेच्या तक्रारींसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला. वसुलीचाही एक फोन आला. त्या माणसाला मी तक्रार क्रमांक सांगितला आणि म्हटलं, लिहून घ्या, मी थांबते. लिहून घ्या म्हटल्यावर तो का कोण जाणे, एकदम सौम्य झाला.

सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं. वार्षिक शुल्क, दोन्ही विलंब शुल्कं आणि व्याज परत करत आहोत, एक सद्भावना म्हणून, ग्राहक संबंध लक्षात घेऊन.

ऑफिसात वाचून दाखवलं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तो शब्द खडीसाखरेतल्या खड्यासारखा लागला. सद्भावना! मी भिडेपोटी घेतलं आणि त्यांनी सद्भावनेपोटी सोडलं, म्हणजे हिशोब कुठेच झाला नाही. वेंडरने माझी डेबिट नोट ‘मॅडमचा मान राखून’ स्वीकारली असती तर मी ती परत पाठवली असती. इथेही एक मेल पाठवला, की चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार, सद्भावनेचा उल्लेख काढावा. नवरा म्हणाला, आता मात्र अती झालं. असेल. त्या मेलचं उत्तर आलं नाही.

अ‍ॅपमध्ये बघितलं तर बाकी शून्य नव्हती. ७ रुपये ६३ पैसे. दोन महिन्यांच्या व्याजावरचा जीएसटी. व्याज परत केलं, त्यावरचा कर तेवढा राहिला. आणि बाकी आहे तोवर सात दिवसांचं घड्याळ सुरू होत नाही.

खरं सांगते, मी डेबिट नोट काढायला बसले होते. ७.६३ची. मग पुढचे तीस दिवस डोळ्यांसमोर आले, लेकीचे फॉर्म आले, आणि मी यूपीआयने भरून टाकले. अ‍ॅपमध्ये रक्कम टाकताना सवयीने पूर्णांक करून ८ रुपये भरले.

कार्ड सहाव्या कामाच्या दिवशी बंद झालं. (आठवा उजाडावा अशी माझी फार इच्छा होती. रोजचे ५०० रुपये.) लेखी दाखला ईमेलवर आला, त्याची प्रिंट काढून फाइलला लावली. सिबिलची नोंद सुधारायला आणखी दीड महिना गेला. वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो, तो काढून खात्री केली. कात्रीने कार्डाचे चार तुकडे केले, तेव्हा मागची पांढरी पट्टी नेमकी मधोमध कापली गेली.

आणि त्याच आठवड्यात फोनवर एसएमएस आला. माझ्या बचत खात्यात त्या बँकेकडून ३७ पैसे जमा.

रविवारी नानांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोन हातभर लांब धरून वाचला, आणि म्हणाले, रोख द्यायला आले असते तर काय दिलं असतं यांनी? पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी २०११ सालीच बंद झालीत. उरलं फक्त पन्नास पैशांचं, तेही बाजारात कोण घेतं.

मग उठून टेबलाच्या खणातून वही काढली. ती अजून लिहितात ते. दूध, केबल, गोळ्या, रिक्षा. जमेच्या बाजूला पेन्शनच्या खाली तारीख घातली आणि लिहायला लागले.

“नाना, ते माझ्या खात्यात आलेत. तुमच्या वहीत कशाला?”

“तुझ्याकडे वही आहे?”

नव्हती. मग त्यांनी लिहिलं: चि. बाळी, कार्ड बंद, ०.३७. आणि त्याच्यापुढे माझी सही घेतली.